रुपयात देता, की पौंडात?

माझी आजी सोलापूरची. नवरात्र उलटून गेले, यात्रेची गर्दी ओसरली, की घरची चार-पाच माणसे तुळजापूरला दर्शनाला जात. सोलापूर-तुळजापूर अंतर ते केवढे! जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. आज सकाळी निघालेला माणूस देवीचे दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी परततो. पण आजीच्या तरुणपणी एवढ्याशा वाटेत एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. देवी आपली, बोली आपली, सोयरेधायरे आपले. पण नाणे मात्र परके! तिकडे चाले तो हाली शिक्का. आपल्याकडच्या इंग्रजी रुपयाला तिकडे म्हणत कलदार.

ह्या दोन रुपयांचे नाते शेवटच्या काळात सात आणि सहाचे होते. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. म्हणजे शंभर कलदारांचे एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे आणि आठ पै. तेव्हाच्या मुलांना असली गणिते तोंडी करावी लागत, आणि बायकांना तर ती हातात पिशवी अन् कडेवर मूल घेऊन करावी लागत.

आजी सांगायची ती गोष्ट तिच्या थोरल्या जावेची. महाद्वारापाशी बांगड्यांच्या दुकानी तिने एका रुपयाच्या बांगड्या भरल्या. कमरेच्या पिशवीत हाली नाणे शिल्लक नव्हते. ती ओशाळली. पण कासार मोठा गोड बोलणारा. "असू द्या बाई, कलदार चालेल की! रुपयाला रुपया. तुम्ही काय परक्या आहात?" जाऊबाईंना केवढे बरे वाटले! हिशेब नको, सराफाकडे जाणे नको, ओळखीचे नाणे काढून दिले की मोकळे. परतीच्या वाटेवर सासऱ्यांनी बोटांवर मोजून दाखवले, की ज्या बांगड्या पावणेचौदा आण्यांत यायच्या त्यांना सोळा आणे पडले. सवादोन आणे कासाराच्या गोड बोलण्याचे!

हाली शिक्का १९५९ साली कायमचा गेला. आजीही जाऊन आता बरीच वर्षे झाली. पण तो कासार मात्र अजून जिवंत आहे, ह्याचा अनुभव मला ह्या वर्षी आला. तो आता काउंटरवरच्या यंत्रात आणि मोबाइलच्या पडद्यावर बसतो, आणि तितक्याच गोड आवाजात विचारतो, "रुपयात देता, की डॉलरात?"

त्याचे असे झाले. मी मराठीचा प्राध्यापक. महानुभाव गद्य हा माझ्या आवडीचा विषय. गोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटांनी सांगितल्या, त्यांचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस ह्या अमेरिकन विदुषीने केले आणि १९८४ साली ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांपुढे मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवावे अशी माझी फार दिवसांची इच्छा. पुस्तकाची नवी प्रत काही मला मिळेना. शेवटी अमेरिकेतल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे एक प्रत सापडली. पुस्तकाचे अठ्ठेचाळीस डॉलर, टपालाचे बावीस, एकूण सत्तर. आता गंमत पाहा, ही सगळी हकीकत कुठली? तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची! रिद्धपूरच्या लीळा वाचण्यासाठी पुण्यातल्या माणसाने अमेरिकेला डॉलर मोजायचे. पण ज्या परदेशी माणसांनी आपल्या भाषेसाठी आयुष्य वेचले त्यांच्या श्रमाचे मोल देताना कुरकूर कशाला करायची, असे म्हणून मी बसलो.

कार्डाचा क्रमांक घातला. तेवढ्यात पडद्यावर दोन चौकटी उमटल्या. एकीत लिहिले होते सत्तर डॉलर. दुसरीत आपले रुपयाचे चिन्ह आणि पुढे ६,३५०. खाली बारीक अक्षरात असे काहीसे, की रुपयात दिलेत तर नेमकी रक्कम आत्ताच कळेल, मागाहून घोर नाही. रुपयाचे चिन्ह पाहताच परमुलखात गावचा माणूस भेटावा तसे मला झाले. मी झटकन ती चौकट दाबली. जाऊबाईंचा वंशज शोभलो!

आमची सौभाग्यवती शाळेत गणित शिकवते. महिनाअखेर घरचा हिशेब तीच पाहते. बँकेचा कागद पुढे घेऊन तिने विचारले, "अहो, ह्या सहा हजार तीनशे पन्नासच्या खाली पंचाहत्तर रुपये कसले?"

मी म्हटले, "असेल काही तरी कर."

"काही तरी कर नसतो. कराला नाव असते."

नाव शोधता शोधता आम्हा दोघांचे दोन रविवार गेले, आणि ज्या विद्येची पदवी कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही ती मी घरबसल्या शिकलो. वाचकांपैकी अनेकांची मुले, भाचरे, नातवंडे हल्ली बाहेरदेशी असतात, पुष्कळजण सहलींना जातात, आणि घरी बसून परदेशी वस्तू मागवणारे तर गल्लोगल्ली आहेत. म्हणून ती इथे जरा विस्ताराने सांगतो.

परदेशी विक्रेत्याला आपण कार्डाने पैसे देतो तेव्हा डॉलरचे रुपये कोणी तरी करावेच लागतात. ते काम दोघांपैकी एकजण करतो. आपण डॉलरात पैसे दिले, तर ज्या जाळ्यातून कार्ड चालते ते व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे जाळे आपल्या भावाने रुपये करते. हा भाव वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या भावाच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक आपली दलाली चढवते. पुष्कळ कार्डांवर ती साडेतीन टक्के असते. आणि दलालीवर अठरा टक्के जीएसटी. तेव्हा साडेतीनाचे होतात चार पूर्णांक तेरा शतांश. आमच्या पुस्तकाच्या वेळी डॉलर शहाऐंशी रुपये धरला तर सत्तरांचे सहा हजार वीस, दलालीचे दोनशे अकरा, करांचे अडतीस, एकूण सहा हजार दोनशे एकोणसत्तर.

आणि आपण रुपयाची चौकट दाबली तर? तर डॉलरचे रुपये करण्याचे काम विक्रेत्याच्या बाजूची मंडळी करतात, आपल्या मनच्या भावाने. सहा हजार वीसचे त्यांनी सहा हजार तीनशे पन्नास केले. हा झाला कासाराचा नफा. मला वाटत होते की निदान बँकेची दलाली तरी वाचली. पण काही बँकांचा नियम असा, की दुकान परदेशातले असेल तर रक्कम रुपयात आली तरी आकार लावायचा, थोडा कमी का होईना. ते हे पंचाहत्तर. म्हणजे आधी कासाराने घेतले, मग घरच्या सराफानेही घेतले. जाऊबाईंच्या नशिबी निदान दुसरा नव्हता!

सराफावरून आठवले. मराठीत 'बट्टा' हा शब्द आपण आता 'नावाला बट्टा लागला' एवढ्यापुरताच वापरतो. मूळ शब्द सराफकट्ट्यावरचा. पेशवाईत रुपये तरी किती जातींचे! अंकुशी, चांदवडी, आणखी कितीतरी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत गेला की त्याची किंमत जेवढी कमी धरली जाई तो बट्टा. नाणी पारखणारा तो पोतदार. आज ते नुसते आडनाव राहिले. आणि 'हुंडणावळ' हा किती सुंदर शब्द! काशीयात्रेला निघालेला गृहस्थ वाटेतल्या चोरांच्या भयाने रोकड बरोबर नेत नसे. तो पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरी आणि काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. त्या सोयीबद्दल सावकार जे कापून घेई ती हुंडणावळ. पुढे पौंड आणि रुपया यांच्या विनिमयाच्या दरालाही आपल्या वर्तमानपत्रांनी हाच शब्द लावला. रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा असावा की सहा पेन्सांचा, ह्यावर १९२०च्या दशकात केवढा वाद माजला होता! डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला तो ह्याच विषयावर. अखेर १९२७ साली सहा पेन्स ठरले, म्हणजे पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे. आणि तो भाव पुढे जवळजवळ चाळीस वर्षे टिकला.

तो मोडला ६ जून १९६६ रोजी. त्या दिवशी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर पावणेपाचांवरून साडेसातांवर गेला आणि पौंड एका रात्रीत एकवीस रुपयांचा झाला. महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना हा आकडा कसा लागला असेल ह्याची कल्पना करा. आदल्या दिवशी मागवलेले एक पौंडाचे पुस्तक दुसऱ्या दिवशी पावणेआठ रुपयांनी महाग! तो काळ परकीय चलनाच्या दुष्काळाचा. परदेशी जाणाऱ्या माणसाला खर्चासाठी आठ डॉलर मिळत, आणि ते घेऊन मंडळी विमानात बसत. आज आपल्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर बाहेर पाठवता येते. ही सवलत २००४ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा पंचवीस हजारांची होती. तेव्हा पूर्वीचे ते सारे चांगले, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पूर्वी पैसा बाहेर पाठवणे कठीण होते. आता सोपे झाले आहे, आणि सोपे झाल्यामुळे वाटेत किती गळते ते दिसेनासे झाले आहे, एवढेच माझे म्हणणे.

पुस्तकाची कथा अजून संपली नाही. आठ दिवसांनी विक्रेत्याचे पत्र आले, की क्षमा असावी, ती प्रत आधीच विकली गेली होती, पैसे परत करतो. पैसे परत आले, पण सहा हजार दोनशे दहा! मधल्या दिवसांत भाव हलला होता, आणि घेतानाचा भाव वेगळा, परत देतानाचा वेगळा. पंचाहत्तर रुपयांचे तर नावच नको. म्हणजे न मिळालेल्या पुस्तकासाठी मी दोनशे पंधरा रुपये मोजले. सौ. म्हणाली, "अहो, असे धरा की वाचनालयाची वर्गणी भरली."

पुढे महिन्याभराने दुसरी प्रत मिळाली, नेमकी तेवढ्याच किमतीला. ह्या वेळी ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती. मी डॉलरची चौकट दाबली. आधीच्यापेक्षा दीडशे-एक रुपये वाचले. रक्कम क्षुल्लक आहे, मी जाणतो. पण युरोपच्या सहलीत हीच चौकट दिवसातून दहा वेळा समोर येते, हॉटेलात, उपाहारगृहात, पैसे काढायच्या यंत्रावर; आणि यंत्रावर तर ती अशा खुबीने मांडलेली असते की आपले बोट आपसूक रुपयाकडे जावे. नेपाळला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेलेल्या मंडळींना हा प्रकार यंत्राशिवायही भेटला असेल. तिथला दुकानदार विचारतो, "आयसी, की एनसी?" आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हे नाते १९९३पासून ठरलेले आहे. जो 'एनसी'मधली किंमत ऐकून 'आयसी'च्या नोटा मोजतो, तो जाऊबाईंच्या घराण्यातला.

आमच्या महाविद्यालयातला एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, कशाला एवढा त्रास? परदेशी दलाली मुळीच न लावणारी कार्डेही मिळतात." मिळतात खरी, आणि ज्याचे येणेजाणे वारंवार आहे त्याने ती घ्यावीत. आपले यूपीआयही आता भूतान, सिंगापूर, मॉरिशस असे देश ओलांडून पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटापर्यंत पोहोचले आहे. परंतु ज्या माणसाची मी आता हकीकत सांगणार आहे, त्याच्या उपयोगी ह्यातले काहीही पडले नसते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर अण्णा राहतात. एस्. टी.त कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. धाकटी मुलगी हुशार. तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम्. एस्सी.ला प्रवेश मिळाला. बाकीच्या खर्चासाठी कर्ज मंजूर व्हायचे होते, पण जागा राखण्यासाठी चार हजार पौंड आधी भरायचे होते. ते भरल्याखेरीज विद्यापीठाचे पत्र नाही, आणि पत्राखेरीज व्हिसा नाही. मुदत जुलैच्या एका सोमवारपर्यंत. अण्णांनी ग्रॅच्युइटीतले पैसे काढायचे ठरवले. अण्णा एकदा मला म्हणाले होते, "सर, तीस वर्षे रोज रात्री डेपोत पैसा न् पैसा जुळवून दिला. चार आणे कमी पडले तर खिशातले घातले, पण हिशेब अपुरा ठेवला नाही." असा हा माणूस.

बँकेत मी त्यांच्याबरोबर गेलो. वर्तमानपत्रात पौंडाचा भाव होता साडेएकशे पंधरा. खिडकीवरच्या मुलाने सांगितला एकशे अठरा रुपये तीस पैसे. अण्णा घाबरले. मी सौ.ने पढवून पाठवल्याप्रमाणे म्हटले, "वर्तमानपत्रातला भाव बँकांचा आपसातला आहे, तो आम्हाला मिळणार नाही हे ठाऊक आहे. पण रक्कम मोठी आहे, काही कमी करता येईल का, साहेबांना विचारून पाहा." हे विचारता येते, हेच पुष्कळांना माहीत नसते. सकाळी फलकावर लागलेला भाव हा देवाने लिहिलेला नसतो. मुलगा आत गेला, आणि बाहेर आला तो एकशे सतरा साठ घेऊन. सत्तर पैशांचा फरक. पण चार हजार पौंडांवर झाले अठ्ठावीसशे रुपये!

मग ए-टू नावाचा अर्ज, पॅन, प्रवेशाचे पत्र, कशासाठी पाठवता त्याचे कारण, पाचपंचवीस सह्या. दहा लाखांच्या आत रक्कम असल्यामुळे टीसीएस कापला नाही. पूर्वी ही मर्यादा सात लाखांची होती, १ एप्रिल २०२५पासून दहा झाली. पौंडांचे चार लाख सत्तर हजार चारशे, चलन बदलण्यावरचा जीएसटी पाचशे तेरा, बँकेचे कमिशन करासह अकराशे ऐंशी. चार लाख बहात्तर हजार त्र्याण्णव. अण्णांनी आपल्या वहीत प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर लिहिला. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

गुरुवारी रात्री मुलगी वर आली ती रडत. विद्यापीठाचा निरोप आला होता : आपले तीन हजार नऊशे ब्याऐंशी पौंड पोहोचले, अठरा पौंड कमी आहेत, सोमवारपर्यंत भरावेत, पूर्ण रक्कम आल्याखेरीज पत्र देता येत नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा बँकेत. मोठ्या साहेबांनी बसवून घेऊन समजावले, आणि त्यांच्या बोलण्यात मला जे कळले ते असे. आपण समजतो की आपले पैसे इंग्लंडला जातात. प्रत्यक्षात इथून काहीच जात नाही. जातो तो निरोप. बँकांचे असे निरोप नेणारी स्विफ्ट नावाची संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. ती पैसे नेत नाही, फक्त चिठ्ठी नेते. पैसे आधीपासूनच तिकडे असतात. आपल्या बँकेचे लंडनच्या एखाद्या बँकेत पौंडांचे खाते असते. त्याला म्हणतात नॉस्ट्रो. शब्द इटालियन आहे, अर्थ 'आमचे'. आपली चिठ्ठी पोहोचली की त्या खात्यातून पौंड उचलून पुढे दिले जातात. पुण्याचा सावकार काशीच्या पेढीवर चिठ्ठी देई, त्याहून ह्यात निराळे काय आहे? फरक एवढाच, की हल्लीच्या वाटेवर कधी कधी मध्येच आणखी एखादी पेढी लागते, आणि ती आपली हुंडणावळ मुकाट्याने रकमेतून कापून घेते.

हे टाळायचा उपाय असतो, आणि तो त्या लांबलचक अर्जात एका लहानशा रकान्यात दडलेला असतो. आकार कोणी सोसायचा? तिथे तीन पर्याय. एकात सगळा भार पाठवणाऱ्यावर. त्याला लिहितात 'अवर'. दुसऱ्यात ज्याचा त्याने, तो 'शा'. तिसऱ्यात सगळा घेणाऱ्यावर, तो 'बेन'. फीसाठी पैसे पाठवताना पहिला पर्याय घ्यावा. हजार-दीड हजार जादा पडतात, पण पलीकडे नेमकी रक्कम पोहोचण्याचा तोच मार्ग. आमच्या अर्जावर खिडकीवरच्या मुलाने दुसऱ्यापुढे खूण केली होती. त्याने विचारले नाही, आणि आम्हाला विचारायचे सुचले नाही. मीही तिथेच बसलो होतो, एम्. ए. झालेला, शब्दाशब्दाचा कीस काढणारा. पण तो तीन अक्षरांचा रकाना माझ्या नजरेखालून तसाच गेला. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचेच मला अधिक लागले.

साहेबांचे सगळे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे मधल्या थांब्यावरसुद्धा एक कंडक्टर चढतो आणि तिकीट फाडून जातो म्हणा की!"

"तसेच म्हणा."

"पण मग त्याने तिकीट हातात द्यायला नको? पैसे घेतले, मान्य. तिकीट कुठे आहे?"

साहेबांजवळ ह्याचे उत्तर नव्हते.

आता अठरा पौंड पाठवायचे कसे? पुन्हा त्याच वाटेने पाठवावेत तर इथे अकराशे ऐंशी कमिशन, शिवाय मधला कंडक्टर अठरांतले अठराही कापायचा! शेवटी मुलीने विद्यापीठाचे पान उघडून पाहिले. उरलेली फी कार्डाने भरायची सोय होती. अण्णांचे कार्ड काढले. चालेना. पुन्हा केले. चालेना. तेव्हा सौ.ला आठवले, की २०२० सालापासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांचा परदेशी वापर बंद ठेवूनच ती देतात. आपण होऊन सुरू करावा लागतो. नियम चांगला आहे, चोरापासून राखण होते. पण ज्या घरात कार्ड फक्त महिन्याच्या सात तारखेला पैसे काढण्यापुरते बाहेर येते, त्या घराला हे कोण सांगणार? तिने अण्णांच्या मोबाइलवर ती कळ शोधून काढली, मर्यादा पाच हजारांची घातली, आणि मुलीला म्हणाली, "आता कर."

पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत रुपये, एकीत पौंड. मुलीचे बोट मध्येच थांबले आणि तिने वर पाहिले. सौ. म्हणाली, "पौंड दाब गं."

पौंड दाबले. दोन मिनिटांनी पावती आली. अण्णांच्या खात्यावर पुढे सगळे धरून दोन हजार एकशे सत्तर रुपये लागले. सौ.ने लगेच त्यांच्याकडून परदेशी वापराची कळ पुन्हा बंद करून घेतली. सोमवारी दुपारी विद्यापीठाचे पत्र आले, ऑगस्टअखेर व्हिसा झाला, आणि सप्टेंबरात आमच्या इमारतीतली अर्धी मंडळी मुंबईच्या विमानतळावर तिला पोहोचवायला गेली होती.

माझे पुस्तकही आले आहे. खरेच सुंदर भाषांतर आहे. म्हाइंभटांची लहान लहान वाक्ये त्या बाईंनी इंग्रजीतही लहानच ठेवली आहेत. सध्या ते अण्णांच्या घरी आहे. 'एवढे डॉलर कशाचे पडले ते बघू तरी' म्हणून त्यांनी नेले, आणि मुलीला मोबाइलवर त्यातली चित्रविचित्र स्थळनावे वाचून दाखवत असतात.

मधल्या काळात अण्णा बँकेत चार वेळा जाऊन आले. अठरा पौंड कोणत्या बँकेने कापले, तिचे नाव काय, आणि त्याची पावती मिळेल का, असा लेखी अर्ज त्यांनी दिला आहे. माझ्याकडून मराठीत लिहवून घेतला, स्वतः नेऊन दिला, आणि पोच घेतली. परवा त्यांनी मला वही दाखवली. पौंडांचे एवढे, जीएसटीचे एवढे, कमिशनचे एवढे, कार्डाचे एवढे. सगळे रकाने भरलेले. एका ओळीवर फक्त 'वाटेत : १८ पौंड' असे लिहून पुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.